केसरबाईंचा आगाऊ दफनविधी

सोमवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास केसरबाई शिरसट पाळकसाहेबांच्या दारात आल्या. चपला काढल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "सलाम साहेब. माझं दफन करून टाका की."

रेव्हरंड यशपाल दुपारगुडे चहात खारी बुडवत होता. ती कपातच राहिली.

"मावशी, बरं नाही का तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय? ठणठणीत हाय. म्हणून तर आत्ता म्हणते. मेल्यावर मला ऐकू येणार हाय का, तुमी काय बोलताय ते?"

केसरबाईंचं वय चौऱ्याहत्तर. शहरातल्या एका दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीत त्यांनी चौतीस वर्षं आया म्हणून काम केलं होतं. रिक्षात बसल्या की त्या आधी रिक्षावाल्याला त्याच्या आईचं नाव विचारायच्या, आणि दर चार-पाच रिक्षांमागे एक तरी त्यांच्या हातावर जन्मलेला निघायचा. त्याचं जन्माच्या वेळचं वजन त्या सगळ्या सवाऱ्यांसमोर सांगायच्या. चर्चमध्ये लोकांना त्यांची माया होती, पण धास्ती जास्त होती. एकदा बाहेरगावचे पाहुणे उपदेशक तास झाला तरी थांबेनात, तेव्हा केसरबाई पाणी प्यायच्या निमित्तानं उठल्या आणि जाता जाता त्यांनी पंख्यांची बटणं बंद केली. सोलापूरचा एप्रिल होता. उपदेश चार मिनिटांत आटोपला.

यशपालला त्या आवडायच्या. पण त्या सोमवारी थट्टा ऐकायची त्याची तयारी नव्हती. गेले काही महिने त्याला सकाळी उठावंसंच वाटत नव्हतं. रेल्वे लाईन्सजवळच्या त्या छोट्या दगडी चर्चमध्ये त्याला नऊ वर्षं झाली होती. आला तेव्हा रविवारी सव्वाशे-दीडशे माणसं असायची. आता पन्नास आली तरी खूप. जुळे सोलापूरकडं एका मंगल कार्यालयात नवी ख्रिस्ती मंडळी भरायला लागली होती. तिथं ड्रमसेट होता, मोठा पडदा होता, उपासना संपल्यावर इडली-चटणी होती. पेटी वाजवणारं कुटुंब तिकडं गेलं, तरुण मुलं तिकडं गेली. उरलेल्यांत पंच कमिटीचे सेक्रेटरी त्रिंबक सर होते. निवृत्त गणित शिक्षक. ऑक्टोबरच्या मीटिंगमध्ये त्यांनी उभं राहून सांगितलं, "उपदेश फार लांबतो." यशपालनं मनाला लावून घेतलं आणि कापत कापत उपदेश बारा मिनिटांवर आणला. डिसेंबरच्या मीटिंगमध्ये त्रिंबक सर पुन्हा उभे राहिले. "उपदेश फार आखूड होतो."

त्या दिवसापासून यशपालच्या आतलं काहीतरी बंद पडलं. तो व्यासपीठावर उभा राहायचा, बोलायचा, खाली उतरायचा. काय बोललो ते त्याचं त्यालाही आठवत नसे. शेवटी मागच्या गुरुवारी त्यानं वरच्या कौन्सिलला राजीनाम्याचं पत्र लिहून ठेवलं. पाठवायचं तेवढं बाकी होतं. हे फक्त त्याच्या बायकोला, कीर्तीला, माहीत होतं. निदान त्याचा समज तसा होता.

"हे बघा," केसरबाई खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाल्या, "शनवारी तुमी किराणा दुकानातनं साबणाची तीन रिकामी खोकी आणलीसा. पाळकाला खोकी कशाला लागत्यात? पुस्तकं भरायला. म्हंजे तुमी चाललासा. जावा की. मी अडवत न्हाय. पण तुमच्यामागं नवीन कोण येईल, त्याला माझं काय म्हाईत? त्यो आपला पुस्तकातलं वाचणार, 'आपली ही भगिनी प्रेमळ, शांत आणि सोज्वळ होती.' माझ्या मालकाच्या येळी तसंच झालं. आयुष्यभर गप्प न बसलेला माणूस, त्याला तवाच्या साहेबांनी 'मितभाषी' म्हटलं. लोक पेटीत वाकून बघाय लागले, दुसरंच कोण हाय का म्हणून!"

आतल्या खोलीत कीर्ती हसली. शाळेला निघायच्या गडबडीत होती ती, पण अगदी खळखळून हसली. तिचं असं हसणं यशपालनं कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

"मावशी, जिवंत माणसाचा दफनविधी आपल्या रीतीत नाही."

"धन्यवादाची उपासना हाय का न्हाय रीतीत? मग तेच नाव द्या. येत्या रविवारी दुपारी चारला. आन एक अट हाय. खोटं बोलायचं न्हाय. माझ्याबद्दल लोकांना जाऊन इचारायचं, मग बोलायचं." त्यांनी पोलक्यातून कागद काढून टेबलावर ठेवला. त्यावर वेड्यावाकड्या अक्षरांत तीन नावं होती. सिदू, चिंचोळी एमआयडीसी. चंद्रव्वा, वळसंग. आणि तिसरं नाव त्रिंबक सरांचं.

"त्रिंबक सर?" यशपालचा चेहरा पडला.

"व्हय. का? त्यो काय माणूस न्हाय?"

निरोपाचं शेवटचं काम म्हणून यशपाल तयार झाला. एका म्हातारीचा हट्ट पुरवला, एवढं तरी नावावर राहील, असं त्याला वाटलं.

मंगळवारी दुपारी तो स्कूटरवरून चिंचोळीला गेला. सिदू सूतगिरणीत काम करायचा. पाळी सुटल्यावर तो गेटसमोरच्या टपरीवर आला, आणि केसरबाईंचं नाव काढताच त्यानं कपाळावर हात मारला.

"साहेब, ती बाई लई बाराची हाय. मला ल्हानपणापासनं सांगायची, सगळी पोरं रडत जन्मतात, तू एकटाच हसत जन्मलास. मी त्या जोरावर शाळा पार केली, नोकरी टिकवली. लई वाईट दिवस आले तरी म्हणायचो, आपण हसत जन्मलोय. मागल्या साली आमच्या खात्यात बोलता बोलता निघालं, आणखी चौघंजण तिच्याच हातचे. आन चौघांनाबी तिनं तेच सांगितलंय! 'तू एकटाच'!"

यशपाल हसत हसत वहीत लिहून घेत होता. उठता उठता, मन नको म्हणत असतानाही, त्याच्या तोंडून प्रश्न निघाला. "सिदू, तू पूर्वी दर रविवारी यायचास. माझा एखादा उपदेश आठवतो का रे?"

सिदूनं प्रामाणिकपणे विचार केला. बराच वेळ केला.

"न्हाय बा," तो म्हणाला.

यशपालनं वही मिटली.

"पण मला कामावरनं काढलं हुतं तवा तुमी आलता की हितं. गेटासमोर त्या दगडावर माझ्यासंगं बसलासा. तीन तास. मॅनेजर भेटंना. तुमी एक शब्द बोलला न्हाईसा, नुसतं शेंगदाणे खाल्ले. मी त्या दिवशी काय करणार हुतो ते माझं मला म्हाईत, साहेब. तुमी बसला हुता म्हणून जमलं न्हाय."

यशपालला तो दिवस आठवत होता. काय बोलावं ते न सुचल्याची लाज वाटून तो त्या दिवशी घरी आला होता.

बुधवारी वळसंग. चंद्रव्वाचं घर गावाच्या कडेला होतं. नवरा चनबसप्पा रानात गेला होता, ते तिच्या पथ्यावरच पडलं. तिनं दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात सांगितलं.

"माझी पहिली खेप हुती. मी आत वरडतेय, आन हे भाईर व्हरांड्यात येरझाऱ्या घालतायत. दर दोन मिनिटाला दारात. केसरबाईचं डोकं फिरलं. ती भाईर आली आन ह्यांना म्हणली, बाळाच्या बापानं एका पायावर उभं ऱ्हायचं असतंय, म्हंजे बायको लवकर सुटती. हे उभारले की! दीड तास! मधी पाय बदलला तर चालंल का म्हणून इचाराय आलते."

"आणि मग?"

"मग काय? पोरगी झाली. ह्यांना वाटलं, आपल्या पायानं झाली. दुसऱ्या खेपेला बी उभारले. तिसऱ्या खेपेला बी. मला तिनं नंतर सांगितलं खरं काय ते. ह्यांना अजून म्हाईत न्हाय बघा साहेब. नातवाच्या येळी जावयाला शिकवत हुते."

यशपालला हसताना ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं, आता जरा सावधपणे, उपदेशाचं विचारलं. चंद्रव्वानंही मान हलवली. "आमाला कानडी बोलणाऱ्यांना तुमचं शुद्ध मराठी निम्मं कळतंय, निम्मं वरनं जातंय. पण सासरे गेले तवा तुमची गाडी चिखलात रुतली हुती बघा. ढकलताना तुमी आडवे झालासा. तो पांढरा झगा सगळा काळा. तसंच येऊन उभारलासा आन प्रार्थना केलीसा. सासू दोन दिस अन्नाला शिवली नव्हती. तुमाला बघून तिला हसू फुटलं, मग रडली, मग भाकर खाल्ली. आमी अजून त्याची आठवण काढतो."

परतताना वाऱ्यावर यशपाल मोठ्यानं म्हणाला, "नऊ वर्षं. साडेचारशे उपदेश. आणि लोकांना आठवतात शेंगदाणे आणि चिखल." वाईट वाटून घ्यावं की नाही, ते त्याला ठरवता येईना. शेवटी स्कूटर चालवतानाच त्याला हसू यायला लागलं.

गुरुवारी मात्र पाय जड झाले. त्रिंबक सरांनी दार उघडलं, बसायला सांगितलं, आणि प्रश्नाची वाटही न बघता केसरबाईंबद्दल तीन वाक्यं सांगितली, गणिताची उदाहरणं सोडवावीत तशी. यशपालनं लिहून घेतली.

समोरच्या कपाटात खाकी कव्हर घातलेल्या वह्यांची रांग होती. काहीतरी बोलायचं म्हणून यशपाल म्हणाला, "मुलांच्या जुन्या वह्या?"

"तुमच्या आहेत," त्रिंबक सर म्हणाले.

"माझ्या?"

सरांनी एक काढून दिली. पानापानावर तारीख, विषय, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, आणि खाली बारीक अक्षरांत अख्खा उपदेश. उदाहरणं, मध्येच केलेले विनोद, एकदा यशपाल बोलता बोलता अडखळला होता तेसुद्धा. नऊ वर्षांचे.

"आमची ही," सरांनी आतल्या खोलीकडं मान वळवली, "दाक्षायणी. पक्षाघातानंतर दहा वर्षं अंथरुणाला आहे. चर्चला येता येत नाही. म्हणून मी उतरवून घेतो आणि रविवारी दुपारी तिला वाचून दाखवतो."

यशपालनं वहीची पानं उलटली. "मग सर... ऑक्टोबरमध्ये तुम्ही म्हणालात, फार लांबतो."

"लांबतोच. पंचवीस मिनिटांच्या पुढं माझी बोटं धरतात. संधिवात आहे मला."

"आणि डिसेंबरमध्ये?"

"बारा मिनिटं?" सरांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "बारा मिनिटांत काय होतं, साहेब? चहा व्हायच्या आत वाचून संपतं! मग सगळी दुपार मी हिला काय वाचून दाखवायचं?"

"सर, हे तुम्ही मीटिंगमध्ये सांगायचं होतं!"

"मीटिंगमध्ये घरच्या गोष्टी काढू नयेत," सर गंभीरपणे म्हणाले.

आतून दाक्षायणीबाईंचा आवाज आला, अडखळत, एकेक शब्द वेचत. "साहेब आलेत? त्यांना विचारा... त्या मेंढपाळाच्या उदाहरणाचं... पुढं काय झालं? जानेवारीत अर्धंच सोडलं."

यशपाल आत गेला. अर्धं सोडलेलं उदाहरण पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून त्यानं पुरं केलं. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते आणि सरांनी ते न पाहिल्यासारखं केलं.

रविवारी चार वाजता चर्चला बसायला जागा उरली नाही. जिवंत बाईचं दफन आहे, ही बातमी सोलापुरात केसरबाईंनीच पसरवली होती. जुळे सोलापूरचे लोक आले, गल्लीतले शेजारी आले, दवाखान्यातल्या जुन्या सिस्टर आल्या, आणि चारचार रिक्षा भरून त्यांच्या हातावर जन्मलेले आले. केसरबाई हिरवं इरकल नेसून, शवपेटी ठेवतात त्या जागी खुर्ची टाकून बसल्या होत्या. लोक हार घेऊन येत होते आणि त्या प्रत्येक हाराचा वास घेऊन मगच गळ्यात घालून घेत होत्या.

यशपाल उभा राहिला. कागद होता, पण त्यानं तो बघितलाच नाही. पंख्याच्या बटणापासून त्यानं सुरुवात केली. लोक हसले. मग सिदूची गोष्ट सांगितली. "तू एकटाच हसत जन्मलास," असं म्हणताच चर्चभर निदान तीस डोकी एकमेकांकडं वळली. "आयला, मलाबी तेच!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि पवित्र ठिकाणी आहोत हे आठवून त्यानं तोंडावर हात ठेवला.

"खोटं न्हाय ते," केसरबाई खुर्चीतूनच म्हणाल्या. "मी हसवल्याशिवाय आईच्या हातात देतच नव्हते."

यशपालला आता भान राहिलं नव्हतं. किती दिवसांनी शब्द आपोआप येत होते. त्याच ओघात तो व्हरांड्यातल्या बापाची गोष्ट सांगू लागला. नाव त्यानं घेतलं नाही. पण चंद्रव्वा दुसऱ्या रांगेतून दोन्ही हातांनी खुणा करतेय, हे त्याला दिसलंच नाही. "आणि तो भला माणूस," यशपाल म्हणाला, "तिन्ही बाळंतपणांना एका पायावर उभा राहिला!"

चर्च हसून हसून लोळायच्या बेताला आलं. त्या गदारोळात दुसऱ्या रांगेत चनबसप्पा सावकाश उभा राहिला. पांढरा फेटा, पांढऱ्या मिशा.

"म्हंजे," तो म्हणाला, "तसं नसतंय व्हय?"

यशपालला आता कुठं चंद्रव्वाच्या खुणा दिसल्या. झालं, म्हणजे जातानाही एका माणसाचा अपमान करूनच चाललो.

केसरबाई खुर्चीतून उठल्या, हार सावरत चनबसप्पासमोर गेल्या आणि त्यांनी हात जोडले. "चनबसप्पा, खोटं सांगितलं हुतं मी. माफी कर. पण चौतीस वर्षांत हजार बाप बघितले मी व्हरांड्यात. कुणी बिडी वडत हुता, कुणी झोपला हुता, कुणी पोरगी झाली म्हणून तसाच निघून गेला. बायकोसाठी एका पायावर उभारलेला तू एकच. हे मातुर मी खरंच दुसऱ्या कुणाला सांगितलेलं न्हाय."

चनबसप्पानं केसरबाईंकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. मग त्याच्या मिशा थरथरायला लागल्या आणि तो इतका हसला की फेटा सुटून शेजाऱ्याच्या मांडीवर पडला. त्रिंबक सर वहीत भराभर लिहीत होते. उपासना एक तास दहा मिनिटं चालली आणि त्यांनी तक्रार केली नाही.

चहाच्या वेळी केसरबाई यशपालजवळ आल्या. "बेस झालं दफन. आता मोकळे झालासा तुमी. खोकी भरायला येऊ का मदतीला?"

"मावशी, ती तीन नावं तुम्ही मुद्दाम निवडली होती."

"मग काय चिठ्ठ्या टाकून? सरांच्या घरी मी दर मंगळवारी जाते दाक्षायणीचे केस विंचरायला. त्या वह्या मला कवापासनं म्हाईत हायत. पण मी सांगितलं असतं तर तुमी म्हणला असता, म्हातारी बरं वाटावं म्हणून बोलतीय. तुमचा माझ्यावर इस्वास कुटं हाय?" त्या बशीत चहा ओतत म्हणाल्या. "माणसं सांगत न्हाईत, साहेब. पोर सुखरूप झालं की आयाला कोण आठवतं? सगळी पेढे वाटाय पळतात. मीबी तिसऱ्या वर्षी नोकरी सोडाय निघाले हुते. मग मीच ठरवलं, कुणी सांगंना तर आपण जाऊन इचारायचं. पोरं कशी हायत म्हणून. लाज न्हाय वाटत त्यात."

त्या आठवड्यात यशपालनं कौन्सिलला पत्र पाठवलं, पण त्यात राजीनामा नव्हता. दोन आठवड्यांची रजा मागितली होती. ती कल्पना कीर्तीची. "सोडायचं की नाही ते दमलेल्या माणसानं ठरवू नये," ती म्हणाली. दोन रविवार त्रिंबक सरांनी जुन्या वह्यांतून यशपालचेच उपदेश लोकांना वाचून दाखवले, घड्याळ लावून, बरोबर पंचवीस मिनिटं. लोकांना ते नवीनच वाटले. यशपाल त्या दिवसांत खूप झोपला, कीर्तीबरोबर बाजारात भाजी आणायला गेला, आणि परत आला.

चर्च काही एकदम भरलं नाही. मंगल कार्यालयातून एक कुटुंब परतलं, दुसरं एक तिकडं गेलं. पण यशपालनं आठवड्यातला एक दिवस ठरवून टाकला. त्या दिवशी तो उपदेश करायला नाही, नुसता विचारायला जातो. कसं चाललंय म्हणून. कधी चिंचोळीच्या गेटवर, कधी होटगीला. काही घरी चहा मिळतो, काही घरी दार लवकर उघडत नाही.

यंदाच्या श्रावणात दुधनीचा एक नवा पाळक त्याला भेटायला आला. तिशीचा पोरगेला माणूस, डोळ्यांखाली काळं. "दादा, दोन वर्षं झाली. कुणी ऐकतच नाही," म्हणाला. यशपालनं त्याला काहीच समजावलं नाही. कीर्तीनं ज्वारीच्या भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. तो भरपूर जेवला आणि बसल्या जागी पेंगायला लागला, तेव्हा यशपालनं त्याला कॉटवर आडवं केलं.

तो साडेपाचला दचकून उठला. "अरे बाप रे, माझी एसटी!" म्हणत घाईघाईनं दारात गेला आणि तिथंच थबकला. उंबऱ्याबाहेर चपला नव्हत्या. त्यानं पायरीखाली बघितलं, कुंड्यांमागं बघितलं.

अंगणात केसरबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

"कुत्र्यानं नेल्या वाटतं," त्या म्हणाल्या. "ऱ्हावा की आजच्या दिवस. सकाळी गावतील."